तारा फुटला, तर आधी त्याचे घर विचारा

रिश्ता आला की आपल्या घरांत मुलाचे शिक्षण नंतर विचारले जाते. पहिला प्रश्न असतो, ‘कुठले? कुणाचे?’ देगलूर नाक्याकडचे की उदगीरचे, वडील काय करतात, आजोबा मूळचे कुठले, इथपर्यंत चौकशी जाते आणि मग कुठे मुलाची पाळी येते. ही रीत चांगली की वाईट, यावर आज आम्ही बोलणार नाही. पण आकाशातल्या एका प्रचंड घटनेबाबत शास्त्रज्ञांना हीच रीत धरावी लागली आहे. एखादा तारा फुटतो, काही आठवडे अब्जावधी ताऱ्यांच्या तोडीचा प्रकाश देतो आणि मग हळूहळू विझतो. या स्फोटाला सुपरनोव्हा म्हणतात. मराठी पुस्तकांत ‘अतिनवतारा’ असाही शब्द आहे. नुसत्या स्फोटाकडे पाहून त्याची पुरती ओळख पटत नाही, तो कोणत्या घरात झाला हेही पाहावे लागते, हे गेल्या शंभर वर्षांत कळत गेले.

घर म्हणजे दीर्घिका. उर्दूत कहकशाँ. अब्जावधी तारे, वायू आणि धूळ यांची एक मोठी वस्ती. आपला सूर्य ज्या वस्तीत राहतो ती आकाशगंगा, आणि तिच्यासारख्या अगणित वस्त्या विश्वात विखुरलेल्या आहेत. ज्या दीर्घिकेत तारा फुटतो तिला ‘यजमान दीर्घिका’ म्हणतात. आमच्या उर्दू माध्यमाच्या मुलांना ‘मेजबान’ म्हटले की लगेच कळते.

आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ताऱ्यांच्या जीवनयात्रेवर धडा आहे, नववीच्या पुस्तकात दुर्बिणींवर. दोन्ही पुस्तकाच्या शेवटाकडे येतात. तोवर परीक्षा तोंडावर आलेल्या असतात आणि आम्ही शिक्षक मंडळी हे धडे घाईत उरकतो. त्यामुळे मुलांना ‘सुपरनोव्हा’ हा शब्द पाठ असतो, पण सगळे तारे सारखे फुटत नाहीत आणि सगळ्या वस्त्यांत सारखे स्फोट होत नाहीत, ही खरी गंमत त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. ती इथे सांगण्याचा हा प्रयत्न आहे. ही गोष्ट कुठल्या दूरदेशीची नाही. तिचा एक मोठा तुकडा पुणे जिल्ह्यात घडला आणि पुढचा तुकडा आपल्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात घडायचा आहे.

ढगासारखा ठिपका

इसवी सन १००६, हिजरी ३९६. कैरो शहराजवळ अली इब्न रिदवान नावाचा एक तरुण विद्यार्थी वैद्यक आणि आकाशविद्या शिकत होता. पुढे तो मोठा हकीम झाला. त्या वर्षी वृश्चिक राशीच्या भागात एकाएकी एक तेजस्वी तारा उगवला. तो शुक्राच्या अडीच ते तीन पट मोठा दिसत होता आणि त्याचा उजेड चंद्राच्या उजेडाच्या चौथाईपेक्षा थोडा जास्त होता, असे इब्न रिदवानने लिहून ठेवले. त्या वेळी ग्रह कुठे कुठे होते तेही त्याने नोंदवले. ही नोंद इतकी नेमकी आहे की आजचे शास्त्रज्ञ ती आधाराला घेतात. चीन, जपान आणि युरोपातही त्या ताऱ्याच्या नोंदी झाल्या. मानवाने लिहून ठेवलेल्या सुपरनोव्हांमध्ये तो सर्वांत तेजस्वी मानला जातो. तो आपल्याच आकाशगंगेत, सुमारे ७,००० प्रकाशवर्षांवर फुटला होता. म्हणजे घर आपलेच.

त्याच्या चाळीस-बेचाळीस वर्षे आधी, ९६४ च्या सुमारास, इराणात अब्दुर्रहमान अस्‌-सूफी यांनी स्थिर ताऱ्यांवरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ पूर्ण केला. त्यात देवयानी तारकासमूहाजवळ त्यांनी एका ‘लहानशा ढगा’ची नोंद केली. आज आपण त्याला देवयानी दीर्घिका म्हणतो. नोव्हेंबरमध्ये ईशाच्या नमाजनंतर नांदेड किंवा लातूर शहराबाहेर, दिव्यांपासून दूर गेलात आणि चंद्र नसला, तर उत्तरेकडे उंच हा धुरकट ठिपका नुसत्या डोळ्यांनीही सापडतो. साधी दुर्बीण असली तर फारच बरे. आपल्या डोळ्यांना दिसू शकणारी ही बहुधा सर्वांत लांबची गोष्ट. अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे.

मात्र हे अंतर कळायला फार काळ गेला, आणि ते न कळल्यामुळे एका स्फोटाने मोठमोठ्या विद्वानांना चकवले. १८८५ च्या ऑगस्टमध्ये त्या ढगाच्या मध्याजवळ एक नवा तारा दिसला. नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढा. अशा ‘नव्या’ ताऱ्यांना नोव्हा म्हणत, आणि ते आकाशगंगेत अधूनमधून दिसत असत. लोकांनी हाही त्यांतलाच एक समजला. पुढे १९२० मध्ये अमेरिकेत या ढगांवर गाजलेला वाद झाला. ते आपल्याच आकाशगंगेत आहेत की तिच्याबाहेरच्या स्वतंत्र वस्त्या? हार्लो शॅप्ली यांचे म्हणणे असे की देवयानीचा ढग एवढा दूर असेल, तर १८८५ चा तारा अशक्य वाटावा इतका तेजस्वी असला पाहिजे. म्हणून ढग जवळचाच आहे.

युक्तिवाद बिनतोड होता, निष्कर्ष उलटा निघाला. तीन-चार वर्षांतच एडविन हबल यांनी देवयानीतल्या विशिष्ट ताऱ्यांच्या मदतीने तिचे अंतर मोजले. ती खरोखर आकाशगंगेच्या बाहेर, फार दूर होती. मग १८८५ चा तारा अशक्य वाटण्याइतका तेजस्वी होताच! १९३४ मध्ये वॉल्टर बाडे आणि फ्रिट्झ झ्विकी यांनी अशा स्फोटांचा वेगळा वर्ग मानून त्यांना ‘सुपर-नोव्हा’ हे नाव रूढ केले. घराचा पत्ता कळला तेव्हा कुठे पाहुण्याची योग्यता कळली.

कुणाच्या घरी कोणता स्फोट

सुपरनोव्हाचे ढोबळमानाने दोन घराणी आहेत.

पहिल्या घराण्यात मोठे तारे येतात. सूर्याच्या आठपट किंवा त्याहून जास्त वस्तुमान असलेला तारा आपले इंधन उधळपट्टीने जाळतो. सूर्याचे आयुष्य सुमारे १,००० कोटी वर्षांचे, तर या श्रीमंतांचे फार तर तीन-चार कोटी वर्षांचे. इंधन संपले की गाभा स्वतःच्या वजनाखाली क्षणात कोसळतो आणि वरचे थर बाहेर फेकले जातात. मागे उरतो न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर.

दुसऱ्या घराण्यातला तारा आधीच मेलेला असतो. सूर्यासारख्या ताऱ्याचा शेवट होऊन उरलेली राख म्हणजे श्वेत बटू. आकार पृथ्वीएवढा, वजन सूर्याच्या आसपास. तो एकटा असेल तर निवांत थंड होत राहतो. पण जोडीला दुसरा तारा असेल आणि त्याच्याकडून वस्तुमान मिळाले, किंवा दोन श्वेत बटू एकमेकांत मिसळले, तर तो अणुबॉम्बसारखा पूर्ण फुटतो. मागे काही उरत नाही. सूर्याच्या १.४ पट वस्तुमानाची जी मर्यादा यात महत्त्वाची आहे, ती लाहोरात जन्मलेल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९३० मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, विलायतेला जाणाऱ्या बोटीवर मांडायला सुरुवात केली. या घराण्याला ‘प्रकार एक-अ’ म्हणतात. १००६ चा आणि १८८५ चा, दोन्ही याच घराण्यातले.

आता घरांकडे पाहू. काही दीर्घिका चक्राकार असतात, त्यांच्या भुजांमध्ये भरपूर वायू असतो आणि नवे तारे जन्मत असतात. बाळंतपण, शाळा, लग्न, सगळे चालू असलेला मोहल्ला समजा. काही दीर्घिका लंबगोल असतात. त्यांतला वायू जवळपास संपलेला, नवा जन्म नाही, राहिलेले तारे म्हातारे आणि लहान. जिथून सगळी तरुण मंडळी पुण्या-मुंबईला गेली आहेत अशा वाड्यासारख्या.

मोठा तारा अल्पायुषी, म्हणून तो जन्मला त्या गल्लीतच मरतो. जिथे हल्ली जन्म झालेच नाहीत, तिथे असे मरणही नाही. म्हणून पहिल्या घराण्याचे स्फोट चक्राकार आणि नवजात ताऱ्यांच्या दीर्घिकांत दिसतात, लंबगोल दीर्घिकांत जवळजवळ कधीच नाहीत. श्वेत बटू मात्र शेकडो कोटी वर्षेही वाट पाहू शकतो, त्यामुळे ‘एक-अ’ प्रकार दोन्हींकडे होतो. एकाच घरात दोन्ही घराण्यांची माणसे सापडतात तीही उदाहरणे आहेत. सप्तर्षींजवळ एम १०१ नावाची सुंदर चक्राकार दीर्घिका आहे, अंतर सुमारे २ कोटी १० लाख प्रकाशवर्षे. ऑगस्ट २०११ मध्ये तिथे श्वेत बटू फुटला आणि मे २०२३ मध्ये मोठा तारा. दुसऱ्या स्फोटाचे निरीक्षण लडाखमधील हानले येथून आपल्या शास्त्रज्ञांनीही केले. त्यात आयआयटी मुंबई आणि बंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेची स्वयंचलित दुर्बीण होती.

जन्म जास्त तिथे मरणही जास्त, याचा सर्वांत बोलका नमुना एनजीसी ६९४६ ही दीर्घिका. १९१७ ते २०१७ या शंभर वर्षांत तिथे दहा सुपरनोव्हा दिसले. आकाराने ती आपल्या आकाशगंगेहून बरीच लहान, तरीही. आपल्याकडे शतकाला एक-दोन व्हावेत असा अंदाज आहे, पण नुसत्या डोळ्यांनी दिसलेला शेवटचा १६०४ चा. आपण आकाशगंगेच्या आतच बसलो आहोत, मधल्या धुळीमुळे आपल्याच घरातली पलीकडची खोली आपल्याला दिसत नाही.

याहून सूक्ष्म एक गोष्ट आहे. हायड्रोजन आणि हेलियमपेक्षा जड मूलद्रव्ये, म्हणजे ऑक्सिजन, कार्बन, लोह वगैरे, दीर्घिकेत किती आहेत त्यावरही मरणाची तऱ्हा ठरते. ही मूलद्रव्ये मागच्या पिढ्यांच्या ताऱ्यांनी तयार करून सोडलेली असतात. एक प्रकारे वाडवडिलांची मिळकत. मोठ्या ताऱ्यात ती जास्त असली की त्याच्या पृष्ठभागावरून वारा जोरात सुटतो आणि तारा आयुष्यभर आपले वस्तुमान व फिरण्याचा वेग गमावत राहतो. ती कमी असली तर तारा शेवटपर्यंत जड आणि वेगाने फिरणारा राहू शकतो, आणि मग मरणही तसेच जबर येते. नेहमीच्या सुपरनोव्हापेक्षा दहा ते शंभर पट तेजस्वी असे काही स्फोट गेल्या वीसेक वर्षांत सापडले. त्यांतले हायड्रोजन नसलेले बहुतेक स्फोट लहान, फिकट, जड मूलद्रव्यांची चणचण असलेल्या दीर्घिकांत आढळतात. मोठ्या, भरल्या घरांत ते क्वचितच. ही बाब आम्हाला स्वतःला फार विलक्षण वाटते, कारण अंदाज नेमका उलटा बांधावासा वाटतो.

खोडदच्या तीस थाळ्या

पुणे–नाशिक रस्त्यावर नारायणगाव लागते. तिथून आत खोडद हे जुन्नर तालुक्यातले गाव. इथे आणि आसपासच्या शिवारात पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस प्रचंड थाळ्या उभ्या आहेत. चौदा थाळ्या सुमारे एक चौरस किलोमीटरच्या मध्यभागी, बाकी सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या तीन भुजांवर, दूर दूर. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंचवीसेक किलोमीटर. ही जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, थोडक्यात जीएमआरटी. तिची कल्पना प्रा. गोविंद स्वरूप यांची. थाळ्यांसाठी पत्रा वापरला असता तर खर्च आणि वारा दोन्ही पेलले नसते. म्हणून त्यांनी दोरांच्या सांगाड्यावर स्टीलच्या तारांची जाळी ताणून बसवली. लांबून पाहिले तर थाळीच्या आरपार आभाळ दिसते.

साधी दुर्बीण तारे पाहते. जीएमआरटी पाहते, म्हणजे खरे तर ऐकते, ते ताऱ्यांचा कच्चा माल: थंड हायड्रोजन वायू. हा वायू २१ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लहरी सोडतो. त्यावरून एखाद्या दीर्घिकेत वायू किती आहे, कुठे साचला आहे आणि कसा फिरतो आहे, याचा नकाशा काढता येतो. घराच्या दर्शनी भिंती पाहण्याऐवजी त्याच्या कोठीत डोकवावे तसे.

२५ एप्रिल १९९८ रोजी उपग्रहांना गॅमा किरणांचा एक झोत दिसला. त्याच जागी, सुमारे १२ कोटी प्रकाशवर्षांवरच्या ईएसओ १८४-जी८२ या लहान दीर्घिकेत एक फारच जोरकस सुपरनोव्हा सापडला. गॅमा किरणांचे झोत आणि मोठ्या ताऱ्यांचे मरण यांचा संबंध असावा, याचा तो पहिला भक्कम पुरावा ठरला. प्रश्न उरला तो असा: एवढ्या लहान दीर्घिकेत एवढा मोठा तारा आला कुठून?

मरियम अरबसलमानी यांच्या नेतृत्वाखालच्या गटाने, पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राचे निस्सीम काणेकर यांच्यासह, जीएमआरटीने या दीर्घिकेतला हायड्रोजन पाहिला. काम सोपे नव्हते. ही दीर्घिका इतकी दक्षिणेला आहे की खोडदहून ती क्षितिजाच्या वर जेमतेम अठरा अंश येते. थाळ्या त्याहून फारशा खाली झुकतच नाहीत. २०१५ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. वायू शांतपणे फिरत नव्हता, विस्कटलेला होता, आणि स्फोटाच्या जागेजवळ दाट साचलेला होता. एखादी छोटी शेजारीण येऊन आदळली किंवा घासून गेली असावी, त्या धक्क्याने वायू दाबला गेला, त्यातून मोठे तारे एकदम जन्मले आणि त्यांतला एक लवकरच फुटला, असा अर्थ त्यांनी लावला. मरणाचे कारण शोधता शोधता घरातल्या जुन्या धक्क्याचा शोध लागला.

दुसरे उदाहरण आणखी मजेदार. १६ जून २०१८ रोजी सुमारे २० कोटी प्रकाशवर्षांवरच्या एका छोट्या दीर्घिकेत काहीतरी फुटले. त्याला यंत्राने दिलेल्या सांकेतिक नावाची शेवटची तीन अक्षरे मिळून इंग्रजीत ‘काऊ’ असा शब्द झाला आणि जगभरचे शास्त्रज्ञ त्या स्फोटाला ‘गाय’ म्हणू लागले. (आपल्याकडे या नावावरून कुणी काही मनात आणू नये, अक्षरांचा निव्वळ योगायोग आहे.) ही गाय काही दिवसांतच साध्या सुपरनोव्हाच्या कितीतरी पट तेजस्वी झाली आणि तितक्याच लगबगीने विझायला लागली. हे कसले मरण, कुणालाच कळेना. पुन्हा घराकडे वळावे लागले. दोन वेगवेगळ्या गटांनी जीएमआरटीच वापरली आणि दोघांनी २०१९ मध्ये आपापले म्हणणे छापले. एका गटाला दीर्घिकेभोवती दाट वायूचे कडे दिसले. शेजाऱ्याशी झटापट झाल्याची ती खूण, म्हणून फुटलेला तारा मोठा असावा. दुसऱ्या गटाच्या मते वायूत तसे काही विशेष नव्हते, गॅमा झोतांच्या घरांत दिसते तसे साचणे नव्हते, म्हणून फुटलेली वस्तू मोठा तारा नसेलही.

एकच दुर्बीण, एकच दीर्घिका, दोन अर्थ. वर्गात हे सांगितले की मुले गोंधळतात. त्यांना वाटते विज्ञानात एकच उत्तर असते आणि ते गाइडच्या मागच्या पानावर छापलेले असते. आम्ही तर म्हणू, दुसरे काही शिकवले नाही तरी चालेल, पण ही ‘गाय’ मुलांना जरूर दाखवावी.

मापपट्टी आणि तिच्यातली खोट

हे सगळे वाचून कुणी म्हणेल, कुठल्या दीर्घिकेत कोण मेले याच्याशी आपल्याला काय करायचे? निदान शास्त्रज्ञांना फार करायचे आहे, कारण विश्वाची मोजणी यावर टिकून आहे.

‘एक-अ’ प्रकारचे स्फोट साधारण सारख्याच तेजाचे असतात. विजेचा दिवा किती वॅटचा आहे हे माहीत असेल तर तो किती मंद दिसतो यावरून अंतर काढता येते, तसेच या स्फोटांचे. ते तंतोतंत सारखे नसतात, पण जो जास्त तेजस्वी तो सावकाश विझतो, हा नियम लावून फरक दुरुस्त करता येतो. अशी अंतरे मोजूनच १९९८ मध्ये दोन गटांना आढळले की विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढतो आहे. २०११ चे भौतिकशास्त्राचे नोबेल सॉल पर्लमटर, ब्रायन श्मिट आणि ॲडम रीस यांना त्यासाठी मिळाले.

इथे घर आडवे येते. चक्राकार दीर्घिकांत ‘एक-अ’ स्फोट जास्त तेजस्वी आणि सावकाश विझणारे असतात, लंबगोल दीर्घिकांत मंद आणि लवकर विझणारे, हे १९९० च्या दशकातच दिसले होते. ते विझण्याच्या नियमाने दुरुस्त होते असे वाटले. मग २०१० च्या सुमारास वेगवेगळ्या गटांनी दाखवले की सगळ्या दुरुस्त्या करूनही एक फरक उरतो. जड, मोठ्या दीर्घिकांतले स्फोट हलक्या दीर्घिकांतल्या स्फोटांपेक्षा थोडे तेजस्वी निघतात, साधारण पाच ते दहा टक्के. किराणा दुकानातल्या तराजूला एवढा फरक कदाचित माफ होईल. पण दूरच्या, म्हणजे जुन्या काळातल्या दीर्घिका आजच्यासारख्या नसतात. वस्ती बदलली आणि मापपट्टी तिच्याबरोबर किंचित आखडली, तर विश्वाचा हिशेब चुकतो. म्हणून आज अंतरे काढताना यजमान दीर्घिकेचे वजनही गणितात धरले जाते. प्रसरणाचा वेग वाढतो आहे हा निष्कर्ष त्याने पुसला गेलेला नाही, इतर पुरावेही त्याच्या बाजूने आहेत. पण तो वेग नेमका किती आणि काळानुसार तो कसा बदलतो, यावर जे भांडण चालू आहे, त्यात ही पाच-दहा टक्क्यांची गोष्ट दर वेळी निघते.

फरक का पडतो, यावर एकमत नाही. कुणी ताऱ्यांच्या वयाकडे बोट दाखवतो, कुणी दीर्घिकेतल्या धुळीकडे. अलीकडे तर अख्ख्या दीर्घिकेऐवजी स्फोटाच्या भोवतालचा तेवढाच भाग पाहतात. नांदेड शहराची सरासरी काढून एखाद्या घराची ओळख होत नाही. इतवाऱ्याचे वेगळे, तरोड्याचे वेगळे. तसेच तिथे, गल्ली पाहावी लागते.

हिंगोलीतून पत्ता लागेल

आता आपल्या दारातली गोष्ट. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहायची आहे. केंद्र सरकारने २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह तिला मंजुरी दिली. तिथे दुर्बीण नसेल. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या काटकोनात असतील, त्यांतून लेसर किरण जाईल-येईल आणि गुरुत्वीय लहरींनी नळीच्या लांबीत पडणारा अणूपेक्षाही कितीतरी सूक्ष्म फरक मोजला जाईल. अशा लहरी सर्वांत ठळक उमटतात त्या दोन कृष्णविवरे किंवा दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांत विलीन होताना. आणि न्यूट्रॉन तारे म्हणजे सुपरनोव्हाच्या मागे राहिलेले अवशेषच.

१७ ऑगस्ट २०१७ रोजी अमेरिकेतील दोन आणि इटलीतील एक अशा यंत्रांनी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर टिपली. या यंत्रांना दिशा अंदाजानेच कळते. तिघांनी मिळून जो पट्टा दाखवला तो पौर्णिमेचे शंभराहून जास्त चंद्र मावतील एवढा होता. त्यात नेमके ठिकाण कसे शोधायचे? चिलीतील एका गटाने सरळ त्या पट्ट्यातल्या, योग्य अंतरावरच्या दीर्घिकांची यादी केली आणि एकेका घराचे दार वाजवत गेले. सुमारे अकरा तासांत एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत नवा ठिपका सापडला, १३ कोटी प्रकाशवर्षांवर. पुढे खोडदच्या थाळ्यांनीही त्याचा रेडिओ प्रकाश पाहिला.

ती दीर्घिका म्हातारी निघाली, नवे तारे जवळजवळ न जन्मणारी. म्हणजे तिथले ते दोन न्यूट्रॉन तारे फार जुन्या काळी जन्मून, शेकडो कोटी वर्षे एकमेकांभोवती फिरून, मग भेटले असले पाहिजेत. त्या टकरीत सोन्यासारखी जड मूलद्रव्ये तयार झाल्याच्या खुणा प्रकाशात सापडल्या. आपल्या घरांतल्या जेवरातले सोनेही पृथ्वी बनण्याच्या आधी कधीतरी, कुठेतरी अशाच प्रचंड घटनांत तयार झालेले आहे.

जगाच्या दुसऱ्या बाजूला, औंढ्याला आणखी एक मोठे यंत्र बसले की दिशा ठरवणे पुष्कळ सोपे होईल. घराचा पत्ता लवकर लागेल. मग दुर्बिणी त्या दीर्घिकेकडे वळतील आणि कोण मेले, का मेले, याची चौकशी सुरू होईल. जगभरच्या वेधशाळांना पत्ता मराठवाड्यातून कळेल.

तिथे माणसे कोण असतील, हा आमच्या मनातला खरा प्रश्न. लेसर, निर्वात नळ्या, इलेक्ट्रॉनिक्स, संगणक, विदा, या सगळ्यांसाठी अभियंते, तंत्रज्ञ, आयटीआय झालेली मुले, भौतिकशास्त्राच्या पदवीधर मुली लागतात. आपल्या भागात ‘लातूर पॅटर्न’चा दबदबा आहे. त्याने अनेक घरांत पहिला डॉक्टर दिला, हे आम्ही कृतज्ञतेने मान्य करतो. पण अकरावीला भौतिकशास्त्रात रमलेली मुलगी घरी आली की अब्बा-अम्मींचा पहिला प्रश्न ‘नीटचा स्कोअर किती येईल?’ हाच असतो, आणि दोनदा नीट हुकली की फिजिक्सही तिच्या हातून सुटते. बीएस्सी फिजिक्स म्हणजे ‘काहीच मिळाले नाही म्हणून’ घेतलेली गोष्ट, ही समजूत आमच्या शिक्षकखोल्यांतही आहे. वर ज्या २०१५ च्या संशोधनाचा उल्लेख आला, त्याच्या अग्रभागी मरियम नावाची एक बाई होती, हे आम्ही आता वर्गात मुद्दाम सांगतो.

एक व्यवहाराची गोष्ट सांगून थांबतो. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदची दुर्बीण लोकांसाठी खुली असते. त्या वेळी शाळकरी मुलांच्या प्रयोगांचे प्रदर्शनही भरते आणि शास्त्रज्ञ स्वतः उभे राहून प्रश्नांना उत्तरे देतात. नांदेड–पनवेल गाडी लातूरवरूनच पुण्याला जाते. पुण्याहून नारायणगावला एसटी भरपूर. तारखा आधी विचारून घ्याव्यात. थाळ्यांच्या परिसरात मोबाइल बंद ठेवावा लागतो, कारण दूरच्या दीर्घिकेच्या क्षीण हाकेपुढे आपल्या खिशातला फोन फार मोठ्याने ओरडतो.